अल्फा-एमएसएच दिलं, तरी पेशी काळ्या होईनात: नागपूरच्या एका प्रयोगशाळेचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. पेशीसंवर्धनात वारंवार येणारे दोष इथे एकाच प्रयोगशाळेत आणून ठेवले आहेत आणि मेलॅनिनच्या वाढीचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. पेशी, रसायनं, मात्रा आणि त्यामागचं जीवरसायन मात्र जसंच्या तसं आहे.

काम काय होतं

संत्र्याची साल वाळवायची, कुटायची आणि बेसनात कालवून चेहऱ्याला लावायची, ही नागपूरकडची घरगुती रीत. त्या सालीच्या अर्कानं मेलॅनिन खरंच कमी होतं का, हे पाहण्यासाठी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेनं पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून बी१६एफ१० पेशी आणल्या. सी५७बीएल/६ जातीच्या उंदराच्या मेलॅनोमापासून निघालेल्या या पेशी. मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. या पेशी फ्लास्कमध्ये सहज वाढतात आणि योग्य इशारा मिळाला की ७२ तासांत उघड्या डोळ्यांना दिसतील इतक्या काळ्या होतात.

इशारा म्हणजे अल्फा-एमएसएच, १३ अमिनो आम्लांचं संप्रेरक. प्रयोगाची पद्धत अशी: सहा विहिरींच्या (म्हणजे खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर विहिरीत १ लाख पेशी टाकायच्या, २४ तास चिकटू द्यायच्या, मग १०० नॅनोमोलर अल्फा-एमएसएच, त्याच्यासोबत अर्क, आणि ७२ तास थांबायचं. संप्रेरक पेशींना काळं करू बघतं, आणि अर्क त्या काळेपणाला अडवतो का ते बघायचं.

मार्चमध्ये हे व्यवस्थित चाललं. अल्फा-एमएसएचच्या विहिरीतल्या पेशी सेंट्रिफ्यूज केल्या की नळीच्या तळाशी काजळाच्या बोटासारखा पेलेट, म्हणजे पेशींचा गोळा, दिसे. प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे मेलॅनिन नुसत्या पेशींच्या २.५ पट. मेमध्ये तीच पेशी, तीच प्लेट, तेच हात, आणि वाढ १.१ पट. पेलेट राखाडी, ओल्या राखेसारखा.

इशाऱ्यापासून रंगापर्यंतची साखळी

दोष शोधायचा तर साखळी डोळ्यांपुढे हवी. अल्फा-एमएसएच पेशीच्या पृष्ठभागावरच्या एमसी१आर या रिसेप्टरला बसतं. त्याला जोडलेलं जीएस प्रथिन अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चेतवतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं. त्यानं प्रोटीन किनेज ए जागं होतं आणि क्रेब या प्रथिनावर १३३ क्रमांकाच्या सेरीनला फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट चढलेला क्रेब एमआयटीएफचा जीन चालू करतो. एमआयटीएफ हा रंगपेशीचा मुख्य नियंत्रक. तो टायरोसिनेज, टीआरपी-१ आणि डीसीटी या तीन एन्झाइमांचे जीन वाचायला लावतो. टायरोसिनेज मेलॅनोसोम नावाच्या पुडीत जाऊन बसतं, टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपाक्विनोन बनवतं आणि तिथून पुढे मेलॅनिन.

प्रत्येक टप्प्याचं घड्याळ वेगळं. क्रेबवरचं फॉस्फेट १५ ते ३० मिनिटांत दिसतं, एमआयटीएफ प्रथिन साधारण २ ते ४ तासांत चढतं, टायरोसिनेजला २४ ते ४८ तास लागतात, रंगाला ४८ ते ७२. क्रेब ७२ तासांनी तपासून "काही नाही" असं लिहिणं ही नेहमीची चूक आहे.

या सरळ मार्गाच्या बाजूला एक लगामही आहे. ईआरके किनेज एमआयटीएफच्या ७३व्या सेरीनवर फॉस्फेट चढवतं. त्यामुळे एमआयटीएफ क्षणभर जोरात काम करतो, पण त्याच खुणेमुळे पेशी त्याला लवकर मोडीतही काढते. म्हणून यू०१२६ हे रसायन देऊन ईआरकेच्या वरचं, त्याला चेतवणारं एमईके किनेज अडवलं, की बी१६ पेशी बाहेरून कुठलंही संप्रेरक न देता गडद होतात. पीआय३ किनेजचा मार्ग अडवला तरी मेलॅनिन वाढतं, आणि डब्ल्यूएनटी मार्गातला बीटा-कॅटेनिन एमआयटीएफच्या जीनला दुसऱ्या बाजूनं ढकलतो. हे दोन इथे नुसते माहीत असू द्यावेत. या प्रकरणात त्यांचा हात नव्हता.

पहिली शंका आणि वाया गेलेले दोन आठवडे

पहिला संशय पेशींवर गेला. पॅसेज (पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात वाढवत नेण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की बी१६ फिकट पडतात हे खरं आहे आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संसर्गही रंगाची वाट लावतो. म्हणून द्रव नायट्रोजनमधली जुनी कुपी काढली, पेशी वाढवल्या, मायकोप्लाझ्माची पीसीआर केली. संसर्ग नाही. नव्या पेशींचीही वाढ १.१ पटच.

दुसरा संशय उन्हाळ्यावर. तोही अगदी वेडगळ नव्हे. सीओटू इन्क्युबेटर, म्हणजे पेशी ठेवायची ऊबपेटी, फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. ३७ अंश स्थिर ठेवायला खोली त्याहून निदान ५ अंशांनी थंड लागते. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. एसी बंद पडला, दुपारी लाईट गेली, की इन्क्युबेटर ३८-३९ वर सरकतो आणि पडद्यावर आकडा लाल होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. आत पाण्याच्या चंचुपात्रात काचेचा थर्मामीटर बुडवून ठेवून चार दिवस नोंद घेतली, ३७.४ च्या वर गेला नाही. (व्हरांड्यात कूलर लावला असेल तर तो पेशीसंवर्धनाच्या दारापासून दूर हलवा. ओल्या वाळ्यातून येणारा वारा बुरशी घेऊनच येतो. इथे ते कारण नव्हतं, पण उन्हाळ्यात फ्लास्क त्यानंही जातात.)

या दोन्ही तपासण्या करण्यासारख्या होत्या, पण क्रम चुकला. पेशी नव्यानं वाढवायला दोन आठवडे गेले. साखळी मधूनच पकडली असती तर तीन दिवसांत कळलं असतं.

साखळी मधून पकडणं

फोर्स्कोलिन हे कोलियस या वनस्पतीच्या मुळातून मिळणारं रसायन रिसेप्टरला वळसा घालून थेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चेतवतं. म्हणजे अल्फा-एमएसएच हरलं आणि फोर्स्कोलिन जिंकलं, तर दोष संप्रेरकात किंवा रिसेप्टरमध्ये. दोन्ही हरले, तर दोष खाली. एका प्लेटमध्ये सहा विहिरी अशा लावल्या: नुसत्या पेशी. तुलनेसाठी नुसतं ०.२ टक्के डीएमएसओ (ही रसायनं ज्यात विरघळवतात तो द्रावक). चालू कुपीतलं अल्फा-एमएसएच. २० मायक्रोमोलर फोर्स्कोलिन. १० मायक्रोमोलर यू०१२६. आणि फोर्स्कोलिन अधिक यू०१२६. फोर्स्कोलिनचा साठा २० मिलिमोलर आणि यू०१२६ चा १० मिलिमोलर केला की दर मिलिलिटरला १ मायक्रोलिटर पुरतो. शेवटच्या विहिरीत दोन्ही पडल्यानं डीएमएसओ ०.२ टक्के होतं, म्हणून तुलनेच्या विहिरीतही तेवढंच घातलं. डीएमएसओची मात्रा वाढली तर ते स्वतःच बी१६ च्या रंगाशी खेळतं.

मोजणीची पद्धत इथे सविस्तर सांगतो, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. पेशी फॉस्फेट बफरनं दोनदा धुवायच्या. १ टक्का ट्रायटन एक्स-१०० असलेल्या बफरमध्ये बर्फावर फोडायच्या आणि १२,००० जीला २० मिनिटं फिरवायच्या. वरचं पाणी प्रथिनाच्या मोजणीला आणि डोपाच्या चाचणीला (टायरोसिनेजची क्रिया मोजायला), खालचा काळा गाळ मेलॅनिनला. प्रथिन बीसीए पद्धतीनं मोजायचं. ब्रॅडफर्ड या दुसऱ्या पद्धतीला ट्रायटन चालत नाही. गाळ १० टक्के डीएमएसओ मिसळलेल्या १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंशांवर एक ते दोन तास विरघळवायचा. नळीच्या झाकणाला कुलूप-क्लिप लावा, नाहीतर झाकण उडतं, पाणी आटतं आणि मेलॅनिन वाढल्यासारखं दिसतं. वाचन ४०५ नॅनोमीटरला. कृत्रिम मेलॅनिनचं मानकही त्याच द्रावणात, त्याच उष्णतेला, तितकाच वेळ ठेवायचं.

आकडा दर विहिरीमागे द्यायचा नाही, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे द्यायचा. यू०१२६ पेशींची वाढ मंदावतं, त्यामुळे विहिरीतलं एकूण मेलॅनिन कमी दिसतं, आणि "एमईके अडवल्यावर रंग उतरला" असा नेमका उलटा निष्कर्ष निघतो. अर्कांच्या बाबतीत हाच सापळा दुसऱ्या रूपात येतो: अर्क पेशी मारतो आणि विहीर गोरी होते.

निकाल: अल्फा-एमएसएच १.१ पट, यू०१२६ १.३, फोर्स्कोलिन १.५, दोन्ही मिळून १.७. मार्चच्या वहीत फोर्स्कोलिनचा आकडा ३ पट होता.

म्हणजे फोर्स्कोलिन पूर्ण जिंकलंही नाही आणि पूर्ण हरलंही नाही. प्रकरणाची किल्ली या अर्धवट निकालात आहे. एकच दोष धरून चाललं तर तो कुठेच बसत नाही. दोष वर असता तर फोर्स्कोलिननं ३ पट दिलं असतं. फक्त खाली असता तर अल्फा-एमएसएचनंही निदान फोर्स्कोलिनच्या जवळपास जायला हवं होतं. दोष दोन होते, साखळीच्या दोन टोकांना.

आणि याची खूण आधीच दिसलेली होती. २४ तासांच्या नोंदीत लिहिलं होतं: "फोर्स्कोलिन: पेशींना लांब फांद्या. रंग नाही." सायक्लिक एएमपी वाढलं की बी१६ पेशी आपला टकळीसारखा आकार सोडून रंगपेशीसारख्या फांद्या काढतात, रंग यायच्या कितीतरी आधी. फांद्या आहेत, म्हणजे इशारा आत पोचला. रंग नाही, म्हणजे इशाऱ्यानंतर काहीतरी कमी पडलं. अल्फा-एमएसएचच्या विहिरीत फांद्याही नव्हत्या. सूक्ष्मदर्शकाखालचा तो एक मिनिट दोन्ही दोष वेगळे करून दाखवत होता. नोंद झाली, पण रंगाची वाट बघत राहिल्यानं ती कोणी वाचली नाही.

वरचं टोक: संप्रेरक

पेशी चार तास सीरमविना ठेवल्या, मग ३० मिनिटं अल्फा-एमएसएच किंवा फोर्स्कोलिन देऊन फॉस्फो-क्रेबचा (फॉस्फेट चढलेल्या क्रेबचा) वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे ते प्रथिन प्रतिपिंडानं पट्टीच्या रूपात पाहिलं. फोर्स्कोलिनला ४३ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत पट्टी. तिच्याखाली एक फिकी पट्टी दिसते ती एटीएफ-१ ची. सेरीन-१३३ चं प्रतिपिंड दोघांनाही धरतं, तिला दुसरा क्रेब समजू नये. चालू कुपीतल्या अल्फा-एमएसएचला पट्टी नाही. नवी कुपी उघडून तीच मात्रा दिली, पट्टी आली. रिसेप्टर शाबूत, संप्रेरक मेलेलं.

ते कसं मेलं याचा माग सोपा होता. मार्चमध्ये १ मिलिग्रॅम भुकटी ६०० मायक्रोलिटर साध्या पाण्यात विरघळवली होती. रेणूवजन सुमारे १६६५, म्हणजे साठा १ मिलिमोलर, हिशोब बरोबर. पण एकाच नळीत. दर प्रयोगाला ती वितळवायची आणि परत गोठवायची. ठेवायची घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीझरमध्ये, जो बर्फ साचू नये म्हणून स्वतःच अधूनमधून गरम होतो. अल्फा-एमएसएचमध्ये चौथ्या जागी मेथिओनिन आहे. ते हवेतल्या ऑक्सिजननं ऑक्सिडाइज होतं आणि संप्रेरकाचं बळ उतरतं. वर १ मायक्रोमोलरचं पातळ द्रावण साध्या प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलेलं, आणि इतक्या पातळ द्रावणातलं पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटून बसतं.

उपाय: विरघळवल्याच दिवशी २० मायक्रोलिटरचे भाग, उणे ८० ला, एक भाग एकदाच वापरायचा, उरलं ते फेकायचं. पातळ करताना ०.१ टक्के बीएसए, म्हणजे नळीची भिंत आधीच झाकून टाकणारं प्रथिन. टिकाऊपणा हवाच असेल तर चौथ्या जागी नॉरल्युसिन आणि सातव्या जागी डी-फेनिलअ‍ॅलनिन असलेलं एनडीपी-एमएसएच घ्यावं. अफामेलॅनोटाइड नावानं औषध म्हणून मान्यता मिळालेलं रसायन ते हेच.

खालचं टोक: माल

नवं संप्रेरक घेऊनही वाढ १.४ पटीच्या वर जाईना. फोर्स्कोलिनच्या पेशींमध्ये ४ तासांनी एमआयटीएफ तपासला: ५४ ते ६० किलोडाल्टनमधली नेहमीची जोडपट्टी, दोन्ही पट्ट्या चढलेल्या. वरची पट्टी सेरीन-७३ वर फॉस्फेट असलेली. ४८ तासांनी टायरोसिनेजही चढलेलं. मग डोपाची चाचणी: पेशींचा अर्क, पीएच ६.८ चा फॉस्फेट बफर, ५ मिलिमोलर एल-डोपा, ३७ अंश, दर १० मिनिटांनी ४७५ नॅनोमीटरला वाचन. एल-डोपा त्याच वेळी विरघळवायचं. आदल्या दिवशीचं द्रावण स्वतःच तपकिरी होऊन बसलेलं असतं. एन्झाइमची क्रिया नुसत्या पेशींच्या तिप्पट निघाली.

एन्झाइम तिप्पट आणि मेलॅनिन दीडपट. नळीत आणि पेशीत फरक काय? नळीत कच्चा माल आपण ओतला होता आणि पीएचही आपण ठरवला होता. पेशीला टायरोसिन मीडियममधून घ्यावं लागतं.

मीडियम बदललं होतं. एप्रिलअखेर डीएमईएम हे नेहमीचं मीडियम संपलं, आणि दुसऱ्या पेशींसाठी आणलेलं आरपीएमआय-१६४० हे मीडियम फ्रिजमध्ये होतं म्हणून तेच वापरलं. दोन्ही लालसर, दोन्हींत १० टक्के सीरम, पेशी दोन्हींत छान वाढतात. पण डीएमईएमच्या लिटरमध्ये टायरोसिन (डायसोडियम डायहायड्रेट धरून) सुमारे १०४ मिलिग्रॅम असतं, आरपीएमआयमध्ये सुमारे २९. मोलरमध्ये ३९८ आणि १११ मायक्रोमोलर. ज्यापासून टायरोसिन बनू शकतं ते फेनिलअ‍ॅलनिनही ६६ च्या जागी १५ मिलिग्रॅम. त्यातच वाढत्या पेशी प्रथिनं बनवायला तेच टायरोसिन खातात. ७२ तासांच्या शेवटी, जेव्हा टायरोसिनेज भरात असतं, तेव्हा पुढ्यात माल उरलेला नसतो. चूल पेटलेली आणि डबा रिकामा.

खात्रीसाठी फरक भरून काढला: ५०० मिलिलिटर आरपीएमआयमध्ये टायरोसिन डायसोडियम डायहायड्रेट ३७.५ मिलिग्रॅम. साधं टायरोसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून सोडियम क्षारच घ्यावा, पीएच तपासून गाळून घ्यावं. फोर्स्कोलिनची वाढ १.५ वरून २.६ ला गेली, डीएमईएममध्ये ३. उरलेला फरक कशाचा? डीएमईएममध्ये बायकार्बोनेट ३.७ ग्रॅम आणि आरपीएमआयमध्ये २ ग्रॅम. ५ टक्के सीओटूला डीएमईएम जास्त अल्कधर्मी राहतं, आणि टायरोसिनेजला आम्ल वातावरण सोसत नाही. ग्लुकोजही ४.५ विरुद्ध २ ग्रॅम. या कामासाठी ते आणखी फोडत बसण्यात अर्थ नव्हता. डीएमईएमवर परत जाणं पुरे होतं.

एक सावधगिरी. टायरोसिन हे नुसतं माल नाही; रंगपेशींत ते स्वतः टायरोसिनेजची क्रिया वाढवतं असंही दिसलेलं आहे. म्हणून टायरोसिन घातलेल्या विहिरींचा टायरोसिनेज ब्लॉटही बरोबर हवा. इथे पट्टी फारशी वाढली नाही, तेव्हाच "माल कमी होता" हे म्हणता आलं.

माणसाच्या मेलॅनोमाला हे जसंच्या तसं लावू नये

बी१६ मध्ये बीआरएएफ या, ईआरकेकडे इशारा नेणाऱ्या किनेजचा व्ही६००ई हा बदल नाही. माणसाच्या त्वचेच्या मेलॅनोमात साधारण निम्म्या रुग्णांत व्ही६०० जागी बदल असतो, ईआरके सतत चालू असतं, आणि वर सांगितलेला लगाम कायम ओढलेला. अशा पेशींना बीआरएएफ-रोधक औषध दिलं की एमआयटीएफ आणि मेलॅन-ए, जीपी१०० यांसारखी रंगपेशीची प्रथिनं वाढतात. भारतात मेलॅनोमा मुळात विरळ, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर. त्या प्रकारात बीआरएएफचा बदल कमी आणि किट या रिसेप्टरचा तुलनेनं जास्त आढळतो. किटचा इशाराही ईआरकेकडेच जातो. गाठ फिकट आहे म्हणून तिच्यात अमुक मार्ग बंद आहे, असं म्हणायला रंग पुरत नाही.

मेमधल्या अर्कांच्या आकड्यांचं काय करायचं

अर्कानं किती टक्के अडवलं हे असं काढतात: अल्फा-एमएसएचच्या आकड्यातून अर्काचा आकडा वजा, भागिले अल्फा-एमएसएच वजा नुसत्या पेशी, गुणिले १००. मार्चमध्ये भाजक १.५ होता, मोजणीत ०.१ ची चूक झाली तर उत्तर सुमारे ७ टक्क्यांनी हलतं. मेमध्ये भाजक ०.१ होता, तीच चूक उत्तर पूर्ण १०० टक्क्यांनी हलवते. मेच्या वहीत एका अर्कासमोर "८० टक्के रोध" लिहिलेलं होतं ते असं आलं. त्यात अर्काचा गुण नव्हता, भाजकाचा होता. दुरुस्तीचा कुठलाही गुणक लावून ते आकडे वाचवता येत नाहीत. मेमधल्या सगळ्या अर्कांच्या नोंदींवर आडवी रेघ मारली, आणि त्याच अर्कांची मोजणी जूनमध्ये नव्यानं लावली.

जूनपासून दर प्लेटमध्ये दोन विहिरी ठरलेल्या: अल्फा-एमएसएच आणि फोर्स्कोलिन. अल्फा-एमएसएच २ पटीच्या खाली गेलं तर ती प्लेट मोजायचीच नाही. २४ तासांनी दोन्ही विहिरींतल्या फांद्या बघून वहीत आहे-नाही लिहायचं. अर्क जर रंग उतरवत असेल तर आधी पेशी जिवंत आहेत का ते पाहायचं, मग नळीतल्या टायरोसिनेजवर कोजिक आम्लाशेजारी ठेवून थेट एन्झाइमला अडवतो का ते, आणि मगच क्रेब, ईआरके, एमआयटीएफच्या पट्ट्या काढायच्या. कोजिक आम्ल टायरोसिनेजमधलं तांबं पकडतं. त्याला कुठल्याच संदेशमार्गाची गरज लागत नाही. आरपीएमआयच्या बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेल्या, आणि वर लाल शाईनं चिठ्ठी: "टायरोसिन २९. मेलॅनिनला नको."